बाईंची टोपी

मित्रांनो, मी एक जुना कोन आहे. कोन म्हटल्यावर भूमितीचा तास आठवून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर तो आधी काढून टाका. मी वहीत आखायचा कोन नव्हे. मी पोलादी पत्र्याचा, वर अरुंद, खाली रुंद आणि दोन्हीकडून उघडा आहे. उचलायला मला दोन कान आहेत. तळाशी दोन पट्ट्या आहेत, त्यांवर पाय देऊन माणसाने मला जमिनीशी दाबून धरायचं असतं. बूड नसलेली बादली पालथी ठेवली तर जशी दिसेल, तसाच मी दिसतो. रूपाच्या बाबतीत माझा काही दावा नाही.

पत्रेकाम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. तो भारी तिरसट माणूस होता. पत्रा वळवून, सांधा जोडून झाल्यावर त्याने माझं आतलं अंग घासून घासून इतकं गुळगुळीत केलं, की मला वाटलं आता मी फाटतोच. आत खरखर राहिली तर काँक्रीट चिकटतं आणि कोन खोटं बोलतो, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. त्याच्या शिव्या मी विसरलो, पण ते पुटपुटणं लक्षात राहिलं.

माझं काम साधं आहे. पुलावर किंवा रस्त्यावर काँक्रीटची गाडी आली, की तिच्यातला थोडा माल माझ्यात भरायचा. भरता भरता सळईने तो नीट ठासायचा. मग मला अलगद वर उचलायचं. मी निघालो की आतला ढीग स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि थोडा खाली बसतो. तो किती बसला ते मोजायचं. बेताने बसला, तर माल चांगला. पिठल्यासारखा पसरला, तर त्यात पाणी जास्त झालंय. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि काँक्रीटच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या ठेवून जातं. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं. आत मात्र काही राम उरलेला नसतो.

मी ज्यांच्या हाती आलो, त्या रस्ते आणि पूल तपासणाऱ्या बाई होत्या. कामावर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाई बोलायला गोड होत्या, पण माल नापास झाला तर भरलेली गाडी आल्या पावली परत पाठवायच्या. मग ठेकेदार हात जोडो, नाहीतर डोकं आपटो. काम संपलं की त्या मला स्वतः धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून जीपमध्ये आपल्या शेजारच्या सीटवर ठेवायच्या. एवढा मान किती जणांना मिळतो?

त्यांच्या बहुतेक कामांवर एकच मुकादम असायचे. बाई त्यांना 'मामा' म्हणायच्या. मामांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने आपल्या माणसांना सांगितलं, "बाईंनी टोपी आणली आहे. आता आपल्याला कुणाला टोपी घालता यायची नाही." माणसं पोट धरून हसली. तेव्हापासून माझं नाव 'बाईंची टोपी' पडलं. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, की मामा मला हसतात, पण मला लावल्याशिवाय एक पाटीही पुढे जाऊ देत नाहीत. बाईंवर त्यांचा फार जीव होता. बाई बोलल्या म्हणजे त्यापुढे त्यांना काही विचारायचंच नसायचं.

आम्ही तिघांनी किती रस्ते आणि किती पूल केले, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. शेवटचा पूल मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

तो एका ओढ्यावरचा पूल होता. त्याचा स्लॅब दोन दिवसांत, अर्धा अर्धा करून ओतायचा होता. स्लॅब ओला असतो तोवर त्याला खालून टेकू देऊन, फळ्यांचा साचा करून झेलून धरावं लागतं. ते काम मामांच्या जावयाकडे होतं. तो सुतार होता. मामा त्याला चारचौघांत 'बापू' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. "घरचे जावई आणि कामावरचे गडी, शिव्या द्यायची पंचाईत झाली आहे," असं ते बाईंजवळ कुरकुरायचे. जावईही त्यांना मामाच म्हणायचा आणि गालात हसायचा. पण साचा ठोकायला तो खाली उतरला, की मामांची नजर सारखी फळ्यांच्या फटीतून त्याला शोधत असायची. त्यांना एकच मुलगी होती आणि ती त्याला दिलेली होती.

पहिल्या दिवशी अर्धा स्लॅब झाला. दुसऱ्या दिवशी ऊन असं पेटलं होतं, की माझ्या कानाला हात लावला तर चटका बसे. सकाळच्या गाड्या बाईंनी मला लावून पास केल्या. ताकद तपासायचे ठोकळेही त्याच मालाचे भरले. मग त्यांच्या घरून फोन आला. वडील न्हाणीघरात घसरून पडले होते आणि उठता येत नव्हतं. बाईंचा चेहरा उतरला. प्रत्येक गाडीला कोन लावा, एवढं मामांना बजावून त्या गेल्या. मला त्यांनी मामांच्या पायाशी ठेवलं.

इथे तुम्हाला एक शब्द समजून घ्यावा लागेल. ओतलेलं काँक्रीट घट्ट झाल्यावर ते कित्येक दिवस ओलं ठेवावं लागतं, तरच ते कसदार होतं. त्याला कामावर 'पाणी मारणं' म्हणतात. आणि गाडीतला माल घट्ट झाला, ढकलवत नाही, म्हणून त्यात पाणी ओतणं, यालाही 'पाणी मारणं'च म्हणतात. पहिल्याने पूल जगतो, दुसऱ्याने मरतो, आणि शब्द तोच.

दुपारच्या गाड्या रस्त्यात अडकून उशिरा आल्या. माल आळला होता. पंप गुरगुरायचा आणि थांबायचा. चालक घाई करत होता. मामांनी बाईंना फोन लावला, तो लागला नाही. थोड्या वेळाने बाईंचाच फोन आला. पंपाच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मामांनी तो मोठ्या आवाजावर टाकला, आणि मी प्रत्येक शब्द ऐकला.

"बाई, ऊन फार आहे. सुकत चाललंय सगळं," मामा ओरडून म्हणाले.

"मग पाणी मारा ना, मामा. वाट कसली बघताय? सढळ हाताने मारा."

मागे दवाखान्यात कुणीतरी बाईंना हाक मारत होतं. फोन बंद झाला.

बाईंच्या डोळ्यांपुढे कालचा स्लॅब होता. मामांच्या डोळ्यांपुढे गाडी होती. कालच्या स्लॅबवर तर ओली पोती सकाळपासूनच पसरलेली होती, मग बाई त्याचं कशाला सांगतील? मामा क्षणभर घुटमळले. ते मी पाहिलं. उभ्या जन्मात बाईंनी गाडीत पाणी ओतू दिलं नव्हतं. पण आज त्या स्वतः सांगत होत्या, म्हणजे विचार करूनच सांगत असणार. मामांनी पाण्याचा पाइप ओढला आणि गाडीच्या ड्रमच्या तोंडात सोडला.

त्यांच्या पायापासून मी हातभर अंतरावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाईंनी परवानगी दिल्यावर टोपी लावून बघायची म्हणजे बाईंवरच संशय घेतल्यासारखं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं असावं. माल सुळकन पंपातून वर गेला. माणसं खूश झाली. त्यामागच्या गाड्यांमध्येही पाणी गेलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. कुणी उचलल्याशिवाय मला काहीच बोलता येत नाही. त्या दुपारी मला माझ्या जन्माचा राग आला.

सकाळचे ठोकळे यथावकाश प्रयोगशाळेत दाबून फोडले, तेव्हा ते उत्तम निघाले. ते सकाळचेच होते ना. टेकू काढायला हिरवा कंदील मिळाला.

टेकू काढायच्या दिवशी बाई वडिलांच्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच कामावर आल्या होत्या. कठड्याचं थोडं काम होतं, म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं होतं. खालून टेकू सोडवल्याचे ठोके ऐकू येत होते. मामा बाईंच्या वडिलांची चौकशी करायला आले. वडील आता आधाराने उठून बसत होते. आपण ऐन वेळी निघून गेलो, याचं बाईंना वाईट वाटत होतं, तसं त्या बोलल्याही.

"छे हो, अडलं नाही काही," मामा म्हणाले. "तुम्ही फोनवर पाणी मारायला सांगितलंत म्हणून निभावलं. नाहीतर गाड्या परतच गेल्या असत्या."

बाई मला तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मामा, पाणी कशावर मारलंत?"

"कशावर म्हणजे? गाडीत."

बाईंनी मला टाकलं. मी दगडावर आपटलो आणि माझा खालचा काठ वाकला. बाई ओढ्याच्या कडेला धावल्या आणि खाली वाकून सगळ्यांना बाहेर यायला ओरडू लागल्या. मामांना कळायला एक श्वास जास्त लागला. मग ते उतारावरून घसरत, पडत खाली गेले. ठोके एकेक करून थांबले. माणसं बाहेर पळाली. एकच ठोका चालू राहिला, अगदी पलीकडच्या टोकाला. जावई पाठमोरा होता आणि हातोड्याच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"बापू, बाहेर या," मामा ओरडले. मग अहोजाहो गळून पडलं. "अरे, ये बाहेर, पोरा."

त्याने वळून पाहिलं असं लोक म्हणतात. मला दिसलं नाही. स्लॅब खाली आला तेव्हा मला फक्त धूळ दिसली, आणि तिच्यात शिरू पाहणाऱ्या मामांना कंबरेला धरून मागे ओढणारी माणसं.

चौकशी झाली. बाईंनी फोनवरचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा सांगितला आणि तो आपलाच होता असं कबूल केलं. मामांनी पाइप आपण धरला असं सांगितलं. दोघांनीही एकमेकांवर ढकललं नाही, पण त्याने गेलेला माणूस थोडाच परत येतो. मामांनी काम सोडलं. आता ते घराच्या दाराशी बसून असतात आणि कुणाशी फारसं बोलत नाहीत, असं कानावर येतं. बाईंना कामावरून हलवून ऑफिसात बसवलं. काठ वाकलेला कोन मोजायला चालत नाही, म्हणून मी बाद झालो आणि त्यांच्या खोलीत खिडकीखाली पडून राहिलो. आता मला कुणी तेल लावत नाही. माझ्या सांध्याला गंज चढला आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही.

एका दुपारी मामांची मुलगी आली. ती रडली नाही, भांडली नाही. त्या दिवशी जे करायचं राहिलं, ते मला करून दाखवा, एवढंच म्हणाली. बाई तिला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे नवा कोन होता, तरी त्यांनी मलाच उचललं. थोडा माल कालवला, माझ्यात भरला, सळईने ठासला आणि मला वर घेतलं. ढीग बेताने बसला. वाकड्या काठामुळे जरा तिरका बसला, पण बसला. बाईंनी पट्टी लावून दाखवली.

"झालं?" मुलीने विचारलं.

"झालं."

"किती वेळ लागला?"

बाईंना उन्हाचं सांगता आलं असतं, पंपाचं, वडिलांचं, फोनचं सांगता आलं असतं. मी वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं."

मुलगी त्या ढिगाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा डबा भरायला मला याहून जास्त वेळ लागायचा."

बाई खाली बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या पूल बांधेल, कुणी गाडीचे ब्रेक बघेल, कुणी आजाऱ्याला औषध देईल. तुमच्याही पायाशी माझ्यासारखं काहीतरी साधं, ओबडधोबड पडलेलं असेल. सांगणारा माणूस कितीही आपला असो, त्याचं ऐका, पण आधी आम्हाला उचला. आम्हाला पुसा, जपा, आमचा काठ सरळ ठेवा, आणि घाईच्या दिवशी तर आम्हाला मुळीच विसरू नका. तुमच्या कामाखाली जो उभा असतो, त्याला सकाळी कुणीतरी डबा भरून देऊन कामावर पाठवलेलं असतं.