पाहुण्याला दिलेली चटई

“बाई चटईवरून उठली की नाही, तेवढंच सांग,” दुभाष्या मला म्हणाला.

आमच्या इनेसबाई उठल्या होत्या. मी दारातच होते. चटई माझ्याच हातची, दोघांना पुरेल अशी. आम्हा मिश्तेक लोकांचं राज्य चटईवरच असतं, धनी नवरा-बायको तिच्यावर जोडीने बसतात. हे नगर इनेसबाईंना आईकडून आलेलं. नवरा गास्पार डोंगरापलीकडच्या नगराचा धनी. तिथलं त्याचं, इथलं हिचं. इथे तो नगराचा जावई. वीस वर्षं त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग स्पॅनिश न्यायाधीश आला, नगराची मालकी कागदावर चढवायला. माणूस उन्हातून आलेला. बाईसाहेब उठल्या, त्याला चटईवर बसवलं आणि आपण उघड्या जमिनीवर बसल्या. पाहुणा आला की माझ्या झोपडीतसुद्धा असंच करतात. तो कोको प्यायला, मिशा पुसल्या आणि गास्पारचा हात धरून त्याला आपल्या जागी बसवलं. कारकुनाने लिहिलं, बाईने आपखुशीने आसन सोडलं, मालक नवरा. बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चटईच्या विणीकडे बघत राहिला.

साक्षीला तीन म्हातारे झाले, तिघेही ‘उठल्या’ म्हणाले. साक्षीत आम्ही खोटं बोलत नाही, तिथेच घात झाला.

“उठल्या,” मीही न्यायाधीशाकडे बघून म्हणाले, “पण पाहुण्यासाठी. तुमच्या मुलखात पाहुण्याला उभं ठेवतात का?”

दुभाष्या आमच्याच सुतारआळीतला, मठात शिकून आलेला. त्याने माझ्या एवढ्या बोलण्याचा एकच शब्द केला. बाकीचं कुठे गेलं, म्हणून मी विचारलं.

“मावशी, त्यांनी तेवढंच विचारलंय. इथे फुली मार.”

मी हात पाठीमागे नेले. कारकुनाने जांभई दिली आणि माझ्या नावची फुली स्वतःच मारली.

बाईसाहेब अंगणात जाऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “तू खरं तेच बोललीस, कातालीना.”

“खऱ्याने काय दिवे लावले, बाईसाहेब?”



दुपारी चारही आळ्यांचे म्हातारे रोजच्यासारखे तंटे घेऊन आले. आत डोकावले. मागे फिरले आणि भर उन्हात बाईसाहेबांसमोर जमिनीवर बसले. पहिल्याने शेजाऱ्याच्या टर्की कोंबड्यांची तक्रार सुरू केली.

आत गास्पार चटईच्या एका कडेला सरकून बसला होता. दुसरी बाजू त्याने मोकळी ठेवली होती.