थांबताना जड

सायकल आली तेव्हा दिवाळी नुकतीच संपली होती. खोक्यातून ती बाहेर काढायला केशव आणि सोसायटीचा वॉचमन असे दोघे लागले. करडा रंग, जाड टायर, मधल्या फुगीर नळीत दडवलेली बॅटरी आणि हँडलवर काडेपेटीएवढा पडदा. केशवने ती जागच्या जागी उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली.

"इंदू, ही सायकल आहे की रेडकू?"

"तिचं वजन ती ओढते," इंदिरा म्हणाली. "मला फक्त वर बसायचंय."

इंदिरा लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. मुलगी ऋचा कॉलेजात गेली तेव्हापासून तिला रविवारी सायकलवरून रानात जायची सवय लागली होती. वळवणमधल्या घरातून निघायचं, तुंगार्लीच्या धरणाचा चढ चढायचा आणि राजमाचीच्या कच्च्या वाटेनं जाता येईल तितकं आत जायचं. तिचा नवरा केशव तळेगावला विमा कार्यालयात होता. तो रविवारी पेपर वाचत बसायचा आणि ती परत आली की चहा टाकायचा. दोघांनाही ते बरं वाटायचं.

मग शाळेच्या जिन्यात तिचे गुडघे मधेच दुमडायला लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, मांड्यांचे स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे. तो थांबवणारं औषध नाही. वेग कुणालाच सांगता येत नाही, कधी अनेक वर्षं काही कळत नाही, कधी लवकर कळतं. तिनं शाळा सोडली. गेल्या पावसाळ्यात तुंगार्लीच्या चढावर तिची जुनी सायकल अर्ध्यावर थांबली. ती उतरली, थोडा वेळ सायकल ढकलत चालली आणि मग वळून घरी आली. ऋचा नागपूरला नोकरीला होती. तिनंच फोनवर इलेक्ट्रिक सायकलचा विषय काढला आणि सगळी चौकशी करून ही मागवून दिली.

पहिल्या रविवारी इंदिरा निघाली. पडद्यावर एक ते पाच असे आकडे होते. आकडा जितका मोठा, तितका मोटरचा रेटा जास्त. तिनं एकवर ठेवला. पायडल मारलं की क्षणभरानं मागून जोर यायचा. आपण एक पाऊल टाकावं आणि पुढची दोन रस्त्यानं टाकावीत, तसं. नुसतं बसून राहिलं तर मोटर हलायची नाही, पाय फिरवावेच लागायचे. हे तिला फार आवडलं. चढ आपणच चढतोय असं म्हणायला त्यात जागा होती.

धरणाच्या भिंतीपाशी पोचल्यावर तिला धापही लागलेली नव्हती. पुढची लाल वाट, दोन्ही बाजूची करवंदीची जाळी, खडकावरून टायर उडाला की हातात येणारा झटका, सगळं जागच्या जागी होतं. वाटेतल्या वाडीत शालूबाईचं घर होतं. ती आणि तिचा नवरा भातशेती करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी शालूबाई ट्रेकला येणाऱ्या पोरांना चहा आणि भजी द्यायची. बऱ्याच महिन्यांनी इंदिराला बघून ती ओट्यावरून उठली.

"बाई, कुटं व्हता एवढे दिस? आमी म्हटलं बदली झाली."

"पाय दुखत होते."

"आन् आता?"

"आता ही आहे," इंदिरा म्हणाली आणि सायकलच्या सीटवर थोपटलं.

घरी आल्यावर तिनं केशवला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता उभाच राहिला. संध्याकाळी त्यानं ऋचाला फोन लावला, मग आपल्या भावाला, मग इंदिराच्या मावसबहिणीला. प्रत्येकाला तेच. "डॉक्टर काहीही सांगतात हो. तुंगार्लीचा चढ चढून आली आज."

हिवाळाभर ती दर रविवारी गेली. धुक्यातून सूर्य वर येईपर्यंत ती जंगलात पोचलेली असायची. मग एका रविवारी चढाच्या शेवटच्या वळणावर पायडल फिरेना. अंगठ्यानं बटण दाबून तिनं आकडा दोनवर नेला आणि चढ पार झाला. आदल्या रात्री झोप नीट झाली नव्हती, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारीही दोन लागला. त्यानंतर एकवर चढ झालाच नाही.

शिमगा झाल्यावर तीन. करवंदं पिकली तेव्हा सुरुवातीपासूनच तीन, आणि वळणावर चार.

केशवला यातलं काही कळत नव्हतं, कारण ती ठरलेल्या वेळेलाच परत यायची, कधी तर लवकरही. "तुझा वेग वाढलाय," तो म्हणायचा. घराच्या अलीकडे मारुतीचं देऊळ होतं. तिथल्या वळणावर ती बटण दाबून आकडा परत एकवर आणायची. पहिल्यांदा तिनं तसं केलं तेव्हा हात आपोआप गेला होता. नंतर ती आठवणीनं करू लागली. केशव सायकल पुसायला घ्यायचा, तेव्हा पडदा चालू असायचा.

आकड्यांपेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच होती. मोटर चढवायची, पण थांबवून धरायची नाही. थांबलं की एक पाय जमिनीला टेकवून ते सगळं वजन त्या पायावर घ्यावं लागायचं, आणि तेच तिच्यानं होईना. एकदा धरणाच्या भिंतीजवळ सायकल कलली आणि तिनं कशीबशी कठड्याला मिठी मारली. तेव्हापासून ती जिथं धरायला काही असेल तिथंच थांबायची. धरणाचा कठडा, एक ऐनाचं झाड, शालूबाईचा ओटा. रस्त्यात गुरं आडवी आली तर ती लांबूनच हळू व्हायची आणि वाट मोकळी होईपर्यंत गोल गोल फिरत राहायची.

शालूबाई बरेच दिवस बघत होती. एकदा चहा हातात देताना म्हणाली, "बाई, राग नगा मानू. तुमी वट्याला गाडी लावताय, का वट्याला धरून उतरताय?"

इंदिरानं चहाचा घोट घेतला. "धरून उतरते."

"घरी ठावं हाय?"

"आजार ठाऊक आहे. हे नाही."

"सांगून टाका की मग."

"तो फार खुश आहे, शालूबाई. सगळ्यांना सांगत असतो."

शालूबाईनं मान हलवली आणि कढईतली भजी उलटली. त्यानंतर इंदिराची सायकल येताना दिसली की ती हातातलं काम टाकून ओट्याच्या कडेला येऊन उभी राहायची आणि हँडल धरायची. दोघी त्याबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

भाद्रपदात पावसानं जरा उघडीप दिली. शनिवारी संध्याकाळी केशव माळ्यावरून इंदिराची जुनी सायकल काढून घेऊन आला. तिच्यात हवा भरली, साखळीला तेल दिलं.

"उद्या मीही येतो," तो म्हणाला. "एकदा बघू तर दे, कशी चढतेस ती."

"तुम्हाला झेपायचं नाही."

"नाही झेपलं तर ढकलत येईन. तू वर थांब."

तिनं त्याला अडवायला दोन-तीन कारणं काढली. वाट निसरडी असेल, रविवारची गर्दी असेल. पण तो इतका उत्साहात होता की शेवटी तिनं नाद सोडला.

सकाळी धुकं इतकं होतं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. चढाच्या पायथ्याशी पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या, कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती. इंदिरानं सुरुवातीलाच चार केला. केशव काही अंतर तिच्या मागून आला, मग त्याचा श्वास ऐकू येईनासा झाला. "जा तू, जा," तो खालून ओरडला. त्याच्या आवाजात हसू होतं.

शेवटच्या वळणावर तिनं पाच केला. पाचच्या वर काही नव्हतं. मांडी थरथरायला लागली होती, पायडल फिरत होतं ते बहुतेक मोटरच्याच जोरावर. वर सपाटी आली. धरणाचा कठडा पुढे असणार हे तिला माहीत होतं, पण धुक्यात तो दिसेना. तेवढ्यात समोर एक गाडी मागे मागे येताना दिसली. तिनं ब्रेक दाबला, पाय खाली टाकला, आणि पायानं वजन घेतलंच नाही. गुडघा दुमडला, ती डाव्या कुशीवर पडली आणि सायकल तिच्यावर.

गाडीवाल्याला काही दिसलं नाही. तो वळून निघून गेला.

तिनं सायकल ढकलायचा प्रयत्न केला. हाताला खरचटलं होतं, पण तसं फार लागलं नव्हतं. सायकल मात्र हलेना. तिनं प्रयत्न सोडला आणि ओल्या रस्त्यावर पडून राहिली. पावलांचा आवाज येऊ लागला. केशव जुनी सायकल ढकलत, धापा टाकत वर येत होता आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. "कमाल केलीस बाई," असं काहीसं. मग त्याला ती दिसली.

त्यानं सायकल तशीच टाकली, धावत येऊन तिच्या अंगावरची उचलली, तिला बसवलं. "घसरली का? लागलं का? कोणी धडक दिली?"

"नाही. थांबले."

"म्हणजे?"

"थांबले म्हणून पडले. पाय धरत नाही आता."

मग त्याची नजर हँडलवरच्या पडद्यावर गेली. "हे पाच काय आहे?"

तिनं सांगितलं. एक म्हणजे काय, पाच म्हणजे काय, कधी दोन झाला, कधी तीन, मारुतीच्या देवळापाशी ती काय करायची. सांगताना तिचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा सपाट होता. केशव तिच्या शेजारी रस्त्यावर बसला. त्याच्या पँटला चिखल लागला.

"मग मी लोकांना काय सांगत होतो इतके दिवस?" तो शेवटी म्हणाला.

"चढ चढते म्हणून. चढतच होते."

"इंदू, मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फोनवर बोलायचात ना, ते मी आतून ऐकायचे," ती म्हणाली. "ऐकताना मलाही खरं वाटायचं."

धुक्यातून माणसं येत-जात होती. एका मुलीनं विचारलं, "काका, मदत हवी का?" केशवनं हातानंच नको म्हटलं. मग तो उठला आणि तिला काखेत धरून उभं केलं. दोन्ही सायकली धरणाच्या चौकीदाराकडे ठेवल्या आणि ते रिक्षानं घरी आले. वाटेत त्यानं तिचा हात धरला होता, पण बाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो सायकली घेऊन आला. नवी सायकल जिन्याखाली उभी राहिली. बॅटरी नुसती पडून राहून खराब होऊ नये म्हणून केशव ती अधूनमधून चार्जिंगला लावायचा. मावसबहिणीचा फोन आला तेव्हा इंदिरानं आतून ऐकलं. "हो हो, बरी आहे. सध्या पाऊस आहे ना, म्हणून जात नाही." ऋचालाही त्यानं तेच सांगितलं. नवरात्र गेलं, आकाश निरभ्र झालं, तरी तो तेच सांगत होता. इंदिरा आता घरात भिंतीला धरून चालायची. बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला होता.

सायकल देऊन टाकायचं तिनंच ठरवलं. शालूबाईला निरोप पाठवला, कुणाला हवी असेल तर बघ. आठवड्याभरात शालूबाईच्या बहिणीचा मुलगा आला. निलेश नाव, राहायला टाकवे बुद्रुकला, नवलाख उंबरे गावाच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. कंपनीची बस गावात येत नाही, म्हणून त्याला रोज जाण्या-येण्याला काहीतरी हवं होतं. उंच, बुजरा माणूस. त्यानं सायकलभोवती दोनदा चक्कर मारली, टायर दाबून पाहिले.

"काकू, तुमी वापरलीय. कशी हाय गाडी, खरं सांगा."

इंदिरा दारातल्या खुर्चीत बसली होती. "चढाला फार चांगली आहे. कितीही दमला असशील तरी घरी आणून सोडेल. खडकाळ वाटेवर हादरे कमी बसतात. चढ असेल तर बॅटरी लवकर उतरते, म्हणून रोज रात्री चार्जिंगला लाव. ब्रेक चांगले आहेत." ती थोडी थांबली. "वजनाला जड आहे. चालताना कळत नाही, थांबल्यावर कळतं. पाय घट्ट रोवायचा."

"ते हुतंय की," निलेश म्हणाला. त्यानं सायकल एका हातानं सहज तिरकी केली आणि सरळ केली. मग जरा घुटमळत त्यानं विचारलं, "राग मानू नका, पर एवढी चांगली हाय तर देताय कशापायी? काय बिघाड न्हाई ना?"

तेवढ्यात मागून, चौकटीत उभा असलेला केशव बोलला.

"गाडीत बिघाड नाही. हिच्या मांड्यांचे स्नायू चाललेत. सायकल चालवता येत नाही तिला आता. पुढे चालताही येणार नाही."

निलेशनं मान खाली घातली. "शालूमावशी कायच बोलली न्हाई," तो म्हणाला.

"असू दे," केशव म्हणाला. "तू चालवून बघ."

निलेश सायकलवर बसला आणि गल्लीतून खाली गेला. एकदा मागे वळून त्यानं हात केला. मोटरचा बारीक आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता, मग तो रस्त्यावरच्या गाड्यांत मिसळला.

केशव आत गेला. इंदिरा भिंतीला धरून उठली आणि हळूहळू स्वयंपाकघरात आली. कुकरची शिट्टी होणार होती, तिनं गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत केशवनं ऋचाला फोन लावला होता. हवा-पाण्याचं झालं, ऋचाच्या ऑफिसचं झालं. मग ऋचानं बहुधा सायकलचं आणि पावसाचं विचारलं.

"नाही गं, पाऊस नाही," तो म्हणाला. "पाऊस कधीच थांबलाय. तू बसली आहेस का? बस आधी."

इंदिरा ओट्याला टेकून ऐकत राहिली.