मार्टिनीतलं भोकर

माझ्या घरात दारू आली ती माझ्या पोराच्या मोज्यांतून. बासष्टच्या मे महिन्यात गुणवंत सुट्टीवर दारव्ह्याला आला, स्वयंपाकघरातच होल्डॉल सोडून बसला आणि लोकरीच्या मोज्यांतून एकेक वस्तू काढून माझ्यासमोर मांडू लागला. एक चौकोनी बाटली, एक हिरवी बाटली आणि उंच दांड्याचा, पसरट तोंडाचा एक काचेचा पेला. पेला उलट्या छत्रीसारखा दिसत होता. पाणी प्यायला घरात गडवे कमी पडले का, असं मी विचारलं.

"माय, हे पाण्यासाठी नाही," तो म्हणाला आणि हसला. तो तसा हसला की आता घरात भांडण होणार हे मला कळायचं.

भांडण ठरलेलंच होतं, कारण आमचे पुंडलिकराव तालुक्याच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. चाळीस एकर कापूस, अंगात खादी आणि संध्याकाळी ओसरीवर पेटीचरखा. बाजारच्या दिवशी ते जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाऊन दारूवर भाषण द्यायचे. त्या तांड्यावरची मोतीबाई आमच्याकडे दूध घालायला यायची. ती मला सांगे, "इंदुताई, मालक लय चांगलं बोलतेत. आमचे माणसं पुरं आयकून घेतेत, अन् मंग बसून पेतेत." हे मी यजमानांच्या कानावर कधी घातलं नाही. माणसाला आपल्या भाषणाचं थोडं तरी सुख असू द्यावं.

गुणवंत आमचा एकुलता एक. त्याच्या आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून मी त्याला जरा जास्तच जपलं आणि बापानं जरा जास्तच धाकात ठेवलं. तो सैन्यात लेफ्टनंट झाला तेव्हा बापानं गावभर पेढे वाटले, पण पोराच्या तोंडावर 'शाबास' म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. असा हा माणूस. प्रेम आतल्या खोलीत कुलूप लावून ठेवायचं आणि किल्ली कुठं ठेवली ते स्वतःच विसरायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुणवंतानं मोटर स्टँडवरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, लाकडाच्या भुशात घोळून गोणपाटात गुंडाळलेला. मोतीबाई दुधाची चरवी घेऊन दाराशी बसली होती. त्यानं बर्फ फोडला, थोडा पेल्यात घातला, थोडा माझ्या पन्ह्याच्या काचेच्या जगात घातला, आणि मला शिकवायला लागला.

"आंधी पेलाबी थंडा करून घ्याचा अन् भांडंबी. मंग हे हिरव्या बाटलीतलं, वर्मूथ. जरासंच. बरफावरून फिरवाचं अन् फेकून द्याचं."

"फेकून द्याचं? मंग आणलं कायले येवढ्या दुरून?"

"वास राह्यते ना त्याचा बरफाले. तेवढाच पाह्यजे. म्हणून तं याले ड्राय मार्टिनी म्हणतेत."

त्यानं जग तिरका करून वर्मूथ मोरीत ओतलं. मोतीबाई एकदम म्हणाली, "आमच्यातबी पयले थेंब खाली सोडतेत, बाबू. जे गेले त्यांच्यासाठी. मंग आपून."

"आयक माय! मोतीमावशीले समजलं, तुलेच नाही समजलं."

मग चौकोनी बाटलीतली जिन. तिला कापूर आणि लिंबाची साल एकत्र चुरगळल्यासारखा वास होता, मला तो आवडला, पण मी नाक मुरडलं. लांब दांडीच्या चमच्यानं तो ढवळत राहिला. ताकासारखं घुसळायचं नाही म्हणाला, वरणासारखं हळू फिरवायचं, नाही तर ते गढूळ होतं. जगाच्या बाहेरून घाम फुटला तेव्हा त्यानं पेल्यातला बर्फ फेकून दिला आणि ते पाण्यासारखं नितळ पेय गाळून आत ओतलं. ओसरीवरचा चरखा मघाच थांबला होता. माझं लक्ष होतं.

"आता यात एक ऑलिव्ह लागते," गुणवंत म्हणाला. "हिरवं फळ असते, खारवलेलं. मेसमधी डब्यातून येते. इथं कुठून भेटन?" आणि त्याची नजर माझ्या सुपाकडे गेली. लोणच्यासाठी आणलेली भोकरं त्यात पसरली होती, हिरवीगार, गोल. "माय, हेच तं हाय!"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं एक कच्चं भोकर फोडून पेल्यात टाकलं. भोकराचा बलक किती चिकट असतो हे ज्यानं ते फोडलंय त्यालाच ठाऊक. पहिल्याच घोटाला त्याच्या ओठापासून पेल्यापर्यंत तार लागली. तो तार तोडायला बघतोय आणि ती लांबतेय. मोतीबाई खिदळली, मी तोंडात पदर कोंबला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढं मनसोक्त मी त्यानंतर कधी हसले नाही.

"खारवली की तार जाते," मी म्हटलं. "बी काढून मिठाच्या पाण्यात मुरवा लागते. चार-दोन महिने तरी पाह्यजे."

"मंग मुरव ना. दिवाळीले येतो मी."

तेव्हा दारात पुंडलिकराव उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. "गुणवंता, तो गिलास घेऊन माह्या घरात पुन्हा येजो नको."

गुणवंत उठून उभा राहिला. "गिलास तं माह्यासंगंच राहीन, बाबा."

"मंग तूबी येजो नको."

सुट्टीचे उरलेले दिवस बापलेक माझ्यामार्फत बोलले. त्याला सांग जेवायला बैस. त्यांना सांग भूक नाही. जायच्या दिवशी यजमान ओसरीवरून उठलेच नाहीत. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावर आमची छोटी गाडी निघता निघता गुणवंत खिडकीतून वाकून म्हणाला, "बाटल्या अन् पेला तुह्यापाशीच ठेवले, माय. भोकरं इसरू नको. दिवाळीपावतर बाबाचा राग जाईन." मी मान हलवली.

घरी येऊन मी भोकरं निवडली. एकेक फोडून मिठात बोट बुडवून बी काढली, बलक धुतला, आणि चिनीमातीच्या बरणीत मिठाच्या पाण्यात घालून वर दादरा बांधला. बाटल्या आणि पेला तुरीच्या कणगीत लपवले. यजमानांना ते माहीत होतं. तूर काढायला ते मलाच पाठवायचे, कधी स्वतः हात घालायचे नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर चीनशी लढाई सुरू झाली. लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली आणि मग तार आली. बेपत्ता. त्या एका शब्दाला मी घट्ट धरून बसले. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. बेपत्ता माणूस सापडतो, कुठल्या तरी डोंगरात, कुठल्या तरी कैदेत. शेजारणी डोळे पुसत येत, त्यांना मी चहा पाजून वाटेला लावत असे. एकीनं बरणीकडे बोट दाखवून लोणचं मागितलं तर मी तिच्यावर खेकसले. ती बरणी गुणवंत येईपर्यंत उघडायची नव्हती.

पुंडलिकरावांनी तांड्यावर जाणं सोडलं. चरख्यावर बसत, पण सूत सारखं तुटायचं. उन्हाळ्यात कैदी सुटून आले, त्यांत आमचा नव्हता. मग सरकारचं पत्र आलं, की आता तो गेला असं समजावं. यजमानांनी ते वाचून घडी घातली आणि म्हणाले, "भटजीले बलावतो. क्रिया करून टाकू."

"माहं पोरगं जिवंत हाय," मी म्हटलं. "जित्या माणसाची क्रिया करता? लाज नाही वाटत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "किती दिस त्याले बाहेर उभा ठेवू, इंदू? मीच म्हटलं होतं येजो नको. तो माह्या शब्दापायी दाराबाहेर उभा हाय."

त्यांच्या मनात तो बाहेर उभा होता, माझ्या मनात तो वाटेवर होता. एकाच घरात दोघं दोन गुणवंत सांभाळत होतो.

देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला आमच्या घरामागच्या मळ्यात, विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली पिंड ठेवला. बायका तिथं जात नाहीत, पण मी गेले. मला अडवायची कोणाची छाती झाली नाही. माझा विचार सरळ होता. कावळा शिवला तर माझं पोर गेलं. नाही शिवला तर ते कुठं तरी आहे.

कावळे आले, कडुनिंबावर बसले आणि बसूनच राहिले. पुंडलिकरावांनी हात जोडले. तुझ्या नावानं विहीर बांधतो म्हणाले. शाळेला जागा देतो म्हणाले. तुझ्या मायला जन्मात वाकडा शब्द बोलणार नाही म्हणाले. कावळा पानाआडून बघत होता. ऊन चढत होतं आणि मी आतून फुलत होते. बस तिथंच बाबा, मी कावळ्याला मनात म्हणत होते, हलू नको.

भटजी दर्भाचा कावळा करून शिववू या म्हणाले. "नाही," यजमान म्हणाले, आणि उठून घराकडे गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटातला ठिबकणारा बर्फ होता, धोतराला भुसा लागला होता, आणि हातातल्या टोपलीत माझा जग, दोन बाटल्या आणि तो पेला. दारूबंदी समितीचे अध्यक्ष भर उन्हात बाटल्या घेऊन मळ्यात आले.

"पुंडलिकराव, हे शास्त्रात बसत नाही," भटजी म्हणाले.

"तुम्ही घडीभर डोये मिटा, महाराज."

ते मांडी घालून बसले. पेल्यात बर्फ घातला, जगात बर्फ घातला. वर्मूथ फिरवून मातीवर ओतलं, आणि लांब उभ्या असलेल्या मोतीबाईनं तिथूनच हात जोडले. मग जिन. मग हळूहळू, वरणासारखं, गढूळ न होऊ देता. त्यांना सगळं पाठ होतं. त्या संध्याकाळी चरखा थांबवून त्यांनी एकेक शब्द ऐकला होता, आणि वर्षभर तो मनात घोळवला होता. जगाला घाम फुटला, पेला भरला, त्यांनी तो पिंडाजवळ ठेवला.

"बाबू," ते म्हणाले, "मी बोललो ते मागं घेतो. गिलास घेऊन ये. पाह्य, माह्या हातानं केला."

कावळा एक फांदी खाली आला आणि थांबला. मान तिरपी करून बघत राहिला. यजमानांचे हात जोडलेलेच होते. पेल्यातला गारवा उन्हानं चालला होता. मग ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"काय राह्यलं व, इंदू? तुले ठाऊक असन. त्याचं काय राह्यलं ते सांग ना."

मला ठाऊक होतं. 'मला ठाऊक नाही' एवढं म्हटलं की झालं असतं. कावळा उडून गेला असता, माझा गुणवंत वाटेवर राहिला असता, आणि हा म्हातारा उरलेला जन्म दाराबाहेर उभ्या असलेल्या पोराकडे बघत बसला असता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला त्यांचा राग आला, फार राग आला, आणि माझ्या पोराइतकीच त्यांची दया आली.

मी घरात गेले. दादऱ्याची गाठ सुटेना, ती दातांनी सोडली. भोकरं सुंदर मुरली होती. टणक, हिरवी, बलकाची तार कुठं नाही. असली चांगली भोकरं माझ्या हातून आधी कधी झाली नव्हती. मी बरणीच उचलून मळ्यात आणली, एक भोकर काढलं आणि पेल्यात सोडलं. ते बुडाशी जाऊन बसलं.

"घे, गुणू," मी म्हटलं. "मुरलं."

कावळा सरळ खाली आला. पेल्याच्या काठावर बसायला गेला तसा पेला कलंडला, सगळी मार्टिनी पिंडावर सांडली. भातावर पडलेलं भोकर त्यानं चोचीत धरलं, पिंडाला चोच लावली आणि उडाला.

"आला व!" पुंडलिकराव ओरडले. "पाह्य, इंदू, आला माहा बाबू! गिलास घेऊन आला!" ते हसत होते आणि रडत होते. गुणवंत जन्मला त्या दिवशी दाराबाहेर त्यांचा असाच आवाज आला होता.

"हो," मी म्हटलं. "आला."

त्यांनी मातीतला पेला उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि छातीशी धरून घराकडे निघाले. मोतीबाई माझ्याजवळ आली, बरणी घेऊ का म्हणाली. मी दिली नाही. ती पोटाशी धरून मी तिथंच बसले. बरणी काठोकाठ भरली होती आणि दिवाळीला कोणी येणार नव्हतं.