बटाटीचा तिसरा खडा

सकाळी उठून माणसं आधी चहाचं आधण ठेवतात. ती आधी फडकं बघायची. बटाटीच्या पिंजऱ्यात पांढरंच फडकं घालायचं, हे तिनेच ठरवलं होतं, कारण रंगीत कापडावर रक्ताचा ठिपका लपून राहतो. बटाटी म्हणजे तिच्या लेकीची गिनीपिग. लेक रांगत होती तेव्हा घरात आली, आणि आता लेकीचे पुढचे दात पडायला लागले तोवर ही म्हातारी झाली. रंगाने आणि घेराने नावाला पुरेपूर जागणारी. दोनदा तिच्या मूत्राशयात खडा झाला होता, दोनदा पोट उघडून तो काढला होता. दोन्ही वेळा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "काहींना होतोच पुन्हा. कारण एकच असं सांगता येत नाही."

कारण एकच नाही म्हटल्यावर तिने सगळीच अंगावर घेतली. पालक बंद केला, गवत बदललं, दाणे मोजूनमापून द्यायला लागली, आणि सुई नसलेल्या पिचकारीने दिवसातून कितीदा तरी पाणी पाजायला लागली. बटाटी लघवीला बसली की पाठीची कमान करायची आणि बारीक चिरका आवाज काढायची. तो आवाज तिला कुकरच्या शिट्टीतून, नळाच्या धारेतून, झोपेतूनसुद्धा ऐकू यायचा.

"माझ्या खोकल्याकडे कधी एवढं लक्ष दिलं नाहीस," नवरा म्हणायचा.

"तू खोकून झाल्यावर वर सांगतोस ना, मला खोकला झालाय म्हणून."

आणि आता तिसरा खडा होता. या खेपेला डॉक्टरबाईंनी बटाटीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं आणि म्हणाल्या होत्या, हृदय थकलंय, भूल झेपेल असं वाटत नाही, दुखणं कमी करायचे थेंब देऊ आणि बघू. तेव्हापासून ती बघतच होती. बघून बघून तिचे डोळे पार शिणले होते, आणि त्यात तिचं कामही डोळ्यांचंच. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. अंधाऱ्या खोलीत एकेक काच पुढे सरकवायची आणि विचारायची, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" दिवसभर लोकांनी "सारखंच वाटतंय" म्हटलेलं ऐकायचं आणि घरी येऊन बटाटीला तेच विचारायचं.

ती कामावर गेली की पहारा सासऱ्यांकडे. सासरे बटाटीला उंदीरबाई म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. "काय उंदीरबाई, आज मुतखडा काय म्हणतोय?" त्यांना स्वतःला एकदा मुतखडा होऊन गेला होता, त्यामुळे या विषयात आपला शब्द शेवटचा असं ते धरून चालत.

त्या दिवशी दुपारी तिने डबा उघडला आणि त्यांचा फोन आला.

"ऐक, खूशखबर आहे. तुझ्या उंदीरबाईंचं फडकं आज ठणठणीत. एक डाग नाही. आणि तू गेल्यापासून एकदाही ओरडल्या नाहीत."

"खरंच, बाबा?"

"मी कशाला खोटं बोलू? थेंब लागू पडले बघ."

तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. कितीतरी दिवसांनी तिने डबा चवीने खाल्ला, सोबतच्या बाईच्या सासूचे किस्से ऐकले, हसलीसुद्धा. मग डबा विसळायला मोरीशी गेली. नळाखाली डबा भरून वाहायला लागला आणि ती तशीच उभी राहिली. सकाळी निघताना तिने बटाटीला दोन पिचकाऱ्या भरून पाणी पाजलं होतं. ते पाणी गेलं कुठे?

ओल्या हातानेच तिने फोन लावला. "बाबा, फडक्यावर रक्त नाही, की फडकं ओलंच नाही?"

"ओलंच नाही. म्हटलं ना, ठणठणीत."

तिने नळ बंद केला. पलीकडून सासरे वेगळ्याच आवाजात म्हणाले, "अडलंय का गं?"

"टॉवेलात गुंडाळून खोक्यात घाला आणि थेट दवाखान्यात या. मी इथून निघते."

डॉक्टरबाईंनी बटाटीच्या पोटाला दोन बोटं लावली, आणि नेहमी वळवळणारी बटाटी हललीच नाही. "मूत्राशय लिंबासारखं टणक झालंय. खडा खाली येऊन तोंडाशीच अडकलाय. मादी आहे, वाट आखूड आहे, थोडी गुंगी देऊन चिमट्याने ओढून बघते. निघाला तर निघाला." त्या हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या, "नाही निघाला, तर पोट उघडायचं, की तिला तशीच झोपेत जाऊ द्यायचं, हे मला आत्ताच सांगा. मधेच बाहेर येऊन विचारता येणार नाही."

तिने नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला तिचं जास्त कळतं. तू म्हणशील तसं."

यात प्रेमच होतं, तिला माहीत होतं. पण हे वाक्य ऐकून ऐकून तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कुत्र्यांच्या लशींचं वेळापत्रक वाचत होते, घरात कुत्रा असल्यासारखं.

"पोट उघडू नका," ती म्हणाली.

दार बंद झालं. बाकड्यावर दोघं शेजारी बसली.

"मी तिला शाबासकी दिली गं," सासरे म्हणाले. "म्हटलं, उंदीरबाई, आज शहाण्या झालात. काकडीचा काप दिला. तिने हुंगलाही नाही, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही."

"मीही डबा चवीने खाल्ला, बाबा. तुम्ही जे सांगितलंत, ते मला हवंच होतं."

ते गुडघे चोळत राहिले. "माझ्या खड्याच्या वेळी तुम्ही सगळे विचारायचात, आता कमी आहे का? मी म्हणायचो, कमी आहे. समोरची माणसं दमलेली दिसली की तसंच म्हणावंसं वाटतं."

तिला तेव्हाचं आठवलं. तिनेही विचारलं होतं आणि उत्तर ऐकून भाजी फोडणीला टाकायला निघून गेली होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. कापसाच्या बोळ्यावर मसुराच्या दाण्याएवढा खडबडीत खडा होता. "आला एकदाचा. आता ती शुद्धीवर येतेय."

"पुन्हा होईल?"

"होईल. आणि खरं सांगायचं तर, पुढच्या वेळी मी गुंगीसुद्धा देईन असं नाही. आज हृदय दोनदा अडखळलं."

घरी पोचेपर्यंत लेक शाळेतून येऊन शेजारच्या काकूंकडे बसली होती. धावत आली, खोक्यात डोकावली, बटाटीच्या कपाळावर बोट फिरवलं आणि मग खडा मागून घेतला. उजेडाशी धरून फिरवून पाहिला.

"एवढासाच? हा आला नसता तर डॉक्टरांनी पोट कापून काढला असता ना?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. ती जमिनीवरच बसली होती, पर्ससकट, चपलांसकट. हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नको म्हणून सांगितलं होतं."

"मग?"

"मग ती झोपेतच गेली असती."

लेक तिच्याकडे पाहत राहिली, अनोळखी बाईकडे पाहावं तशी. "मला विचारायला हवं होतंस."

"तू काय म्हणाली असतीस?"

"कापा म्हटलं असतं."

"तिचं हृदय थकलंय, बाळा. कापलं असतं तरी ती त्यातून उठली नसती."

"तुला काय माहीत?"

"नक्की नाही माहीत," ती म्हणाली. लेकीने खडा जमिनीवर ठेवला, खोकं उचललं आणि पिंजऱ्यापाशी पाठ करून बसली. तिचे लहानगे खांदे ताठ होते.

सासरे हळूच म्हणाले, "आली ना सुखरूप? मग सांगायची काय गरज होती?"

"हे पुन्हा होणार आहे, बाबा. आणि तेव्हा चिमटाही नसेल."

सासऱ्यांनी आत जाऊन पाण्याचा पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. तिने तो एका दमात प्यायला आणि जाणवलं की सकाळपासून आपण पाण्याला शिवलेलोच नाही.

"पुढच्या वेळी मला शाळेतून बोलवायचं," पाठमोरी लेक म्हणाली.

"बोलवेन."

"गणिताचा तास असला तरी."

"तरी."

"आणि मी कापा म्हटलं तर?"

तिने भिंतीला डोकं टेकलं. "तरी मी नको म्हणेन," ती म्हणाली. "पण तू तिथे असशील."

लेकीने बटाटीच्या कपाळावरून पुन्हा बोट फिरवलं. मग न वळताच तिने हात मागे केला. "पिचकारी दे," ती म्हणाली. "तिला तहान लागली असेल."