बिनमेंढरांचा मुक्काम

“आला मुक्काम,” म्हणत मामांनी डोक्यावरचं बोचकं लिंबाखाली टेकवलं, तेव्हा आमच्या अंगाला अजून धड घामसुद्धा आला नव्हता.

मामा म्हणजे माझे सासरे, बिरू. सणसरहून नरसिंहपूरला पायी जायचं आणि वाटेत उघड्यावर मुक्काम करायचे, ही सहल त्यांनीच आखली होती. शहाण्णव सालचा मे महिना. बरोबर मी, माझा मुलगा समर्थ, पिंपळीची माझी मैत्रीण ज्योत्स्ना, तिची मोनाली आणि माझ्या सासूबाई तानूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. ज्योत्स्ना शाळेत शिकवायची, म्हणून तिला सुट्टी होती. आमच्या दोघींच्या नवऱ्यांना रजा मिळाली नाही, त्यामुळे वाटेत कटकट करायला कोणी नव्हतं.

“आबा, हे काय? आत्ता तर निघालो आपण,” ज्योत्स्ना मामांना म्हणाली.

“आमचा पयला मुक्काम हितंच असायचा.”

“मेंढरं चरत चरत यायची तवा,” आत्या दुसरीकडं बघत म्हणाल्या. “माणसं काय चरत येत्यात व्हय?”

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. उभा जन्म त्यांनी ही वाट मेंढरांच्या पायांनी मोजली होती. नुसत्या माणसांना ती किती पुरते, याचा विचारच त्यांना कधी करावा लागला नव्हता. त्यांची दिवसभराची चाल आम्ही न्याहारीच्या आत संपवली होती.

आम्ही पोट धरून हसलो. मला मात्र आत्या बोलल्या याचंच जास्त बरं वाटलं. गेल्या दिवाळीत मामांनी सगळी मेंढरं विकली. माझा नवरा कारखान्यात नोकरीला, मामांचे गुडघे कुरकुरायला लागलेले, कळपामागं जाणारं कोणी उरलं नव्हतं. आत्यांनी हूं की चूं केलं नाही. फक्त ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. कुणाच्या लग्नाला नाहीत, बाजाराला नाहीत. मेंढरं गेली, आता आपल्याला कोण विचारतंय, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मामांना त्यांना पुन्हा चालतं करायचं होतं. सहल हे निमित्त.

आत्या आल्या त्या एका अटीवर. वाटेत नदीच्या अंगाला बापूसाहेबांचं रान लागतं. दर उन्हाळ्यात आमची मेंढरं त्या रानात बसायची. रात्रभराच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळायचं आणि त्या बदल्यात बापूसाहेब ज्वारी द्यायचे.

“त्यांच्या बांधावरनं मला न्हेऊ नगा,” आत्यांनी निघतानाच बजावलं होतं. “मेंढरं कुठायत म्हून इचारलं तर काय सांगू? हात हलवत आले म्हून?”

“पहाटंच्या अंधारात मागं टाकू की ते रान,” मामांनी कबूल केलं होतं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. चालायचं थोडं आणि बसायचं फार. मुलं पाटाच्या पाण्यात डुंबली, त्यांनी कैऱ्या पाडल्या, मामांकडून गोफण शिकली आणि समर्थनं पहिला दगड आमच्याच पिठल्यात घातला. चूल ज्योत्स्नाची होती. तिनं तीन दगड मांडले, जाळ लावला आणि सगळा धूर तोंडावर घेतला. आत्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि चूल मोडून दुसऱ्या तोंडानं मांडली.

“वारं कुठनं येतंय ते बघावं आधी, बाई,” एवढंच म्हणाल्या. पण त्या संध्याकाळी भाकरी त्यांनीच थापल्या.

तिसऱ्या दिवशी मुलं हटून बसली की आज दोन मुक्काम एकदम चालायचे. मामाही आपल्या आखूड मुक्कामांना वैतागले होते, लगेच हो म्हणाले. चांगलंच अंगाशी आलं. दुपार डोक्यावर आली, कॅनमधलं पाणी संपलं, मोनालीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती माझ्या ओढणीची चिंधी पायाला बांधून लंगडत चालायला लागली. समोर एक विहीर आणि घर दिसलं तेव्हा आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. आत्या मात्र जागच्या जागी थांबल्या. घर बापूसाहेबांचं होतं.

“हे तुमी मुद्दाम केलंत.”

“न्हाय गं,” मामा म्हणाले. “दोन मुक्काम एकदम चाललो, हिशेबच चुकला माझा.”

त्यांच्या तोंडाकडं बघून ते खरं वाटत होतं. आत्या बांधावर उभ्याच राहिल्या. मग त्यांनी मोनालीच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं, पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढं निघाल्या.

बापूसाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते. थकले होते, पण नजर शाबूत होती.

“कोण, तानूबाई? ये ये. आन् मेंढरं कुठायत?”

मामांनी डोक्यावरचं बोचकं खाली घेतलं.

“इकली,” आत्या म्हणाल्या.

बापूसाहेब ओशाळले. माणूस दिलदार. “बरं, असू दे. लिंबाखाली बसा सावलीला.” मग त्यांनी आत आपल्या सुनेला हाक मारली, “सूनबाई, यांना पायलीभर ज्वारी दे.”

आमची माणसं इतकी वर्षं त्या लिंबाखालीच बसली होती. कामाला आलेली माणसं ओसरीवर कशाला चढतील? मी निमूट तिकडं वळलेसुद्धा.

“ज्वारी मेंढरांची व्हती, बापूसाहेब,” आत्यांचा आवाज मागून आला. “मेंढरंच न्हाईत तर ज्वारी कशाची घेऊ? आज आमी पाव्हणं म्हून आलोय. लेकरं उन्हाची आल्यात. पाणी द्या, आन् जेवायला वाढा.”

ज्योत्स्नानं माझा हात गच्च धरला. बापूसाहेब खुर्चीचा हात धरून उठले आणि घरात तोंड करून म्हणाले, “सूनबाई, पाव्हणं आल्यात. पाय धुवायला पाणी आण.”

आम्ही पाय धुतले आणि ओसरीवर पंगतीला बसलो. मामा सतरंजीच्या अगदी काठावर, उठायच्या तयारीत असल्यासारखे बसले. आत्या मांडी घालून मधोमध. त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि रानाचा कुठला कोपरा पूर्वी चोपण, मीठ फुटलेला होता, तो कशानं सुधारला, हे सूनबाईला सांगितलं. ओट्यावर मुकी बसणारी बाई ती हीच का, असं मला वाटत होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. सूनबाई कुंकवाची कोयरी, खण, नारळ आणि सुपात गहू घेऊन बाहेर आल्या. लेकीसुना निघाल्या की ओटी भरतात, तशी त्यांनी आत्यांची ओटी भरली. या घरचं धान्य आत्यांनी आजवर पोत्यानं नेलं होतं, पण ते खळ्यात अंथरलेल्या घोंगड्यावर ओतलेलं. पदरात पडायची ही पहिली वेळ. गहू पडताना त्यांनी पदर आणखी पसरला.

“दे हिकडं, मी घेतो वझं,” बांधापाशी मामा म्हणाले.

“नगं.”

पदराची गाठ पोटाशी धरून त्या पुढं चालू लागल्या. मामांनी बोचकं डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या मागून चालत राहिले.