बोटाखालची खूण

"आधी बोटाखालची खूण चाचप, इत्तो. पडद्याकडे मग बघ. उलटं धरलंस तर चित्रही उलटंच बोलेल."

लल्ला बतूल वारल्या त्याला चाळीस दिवस झाले, तरी त्यांचा आवाज इत्तोच्या कानातून गेला नव्हता. फेस शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांनीच तिला शस्त्रक्रिया चालू असताना सोनोग्राफीवर हृदय पाहायला शिकवलं होतं. ती निघताना त्यांनी स्वतःचं छोटं यंत्र तिच्या ओटीत घातलं आणि शब्द घेतला, "आणखी एकाला तरी शिकवशील."

"इन्शाअल्लाह," म्हणून इत्तो डोंगरातल्या इस्पितळात परतली. भूल देणारी नर्स तेवढी ती एकटी. भूलतज्ज्ञ डॉक्टर कधी आलाच नाही. दोन वर्षं अशीच सरली; दिलेला शब्द तसाच राहिला.

त्या गुरुवारी टेबलावर खुबा मोडलेले म्हातारे बा मुहा होते. डॉक्टर तहीरी हातोडीने नवा सांधा ठोकत असताना रक्तदाब एकाएकी कोसळला.

"रक्त गेलंय. सलाईन सोड, भराभर!"

"थांबा, आधी बघते."

"बघ बाई, लाव तुझा टीव्ही," डॉक्टर करवादले.

उशाशी बसूनच तिने कापडाखालून यंत्राचा दांडा, प्रोब, छातीवर टेकवला. डावा कप्पा फुगलेला दिसला. 'म्हातारं हृदय थकलंय,' असं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि बोट अडखळलं. प्रोबवरची खूण भलतीकडे होती. शिकताना ती रोग्याच्या उजव्या हाताला उभी राहायची. इथे बसत होती डोक्याशी. सवयीने उलटा धरलेला प्रोब तिने फिरवला.

फुगला होता तो उजवा कप्पा, फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा.

"डॉक्टर, हातोडी थांबवा. हाडातला मगज फुप्फुसात चाललाय. सलाईन नको, हृदयाला पेलायचं नाही."

"खात्री आहे?"

विचारायला शेजारी होतं कोण? "आहे," ती म्हणाली.

हातोडी थांबली. तिने रक्तदाबाचं औषध सुरू केलं. आकडा रेंगाळत, रेंगाळत वर आला.

"चालतो गं तुझा टीव्ही," जाताना डॉक्टर म्हणाले.

गुरुवारचा नेमाचा रोजा तिने खोलीत एकटीनेच खजूर आणि पाण्यावर सोडला. आपण चुकत होतो, हे जिला सांगावं ती राहिली नव्हती. उद्या आपण अंथरूण धरलं, तर बा मुहासारख्यांचं काय?

रविवारी पहाटेची फज्रची नमाज आटोपून तिने यंत्र शालीत गुंडाळलं. पलीकडच्या गावच्या इस्पितळात इद्देर असाच एकटा भूल देत होता.

"एकट्याच का, लल्ला?" टॅक्सीवाल्याने अदबीने विचारलं. "सहा जण झाल्याशिवाय गाडी हलायची नाही हं."

"थांबते," इत्तो म्हणाली, आणि मांडीवरचं गाठोडं सावरून खिडकीशी बसली.