फ्लेक्सची तार

बैलगाडा शर्यतीला बैल नेणारा प्रत्येक मालक माझ्या पिकअपला आपल्या घरची गाडी समजतो. हॉर्न त्याच्या मर्जीचा, गाणी त्याच्या आवडीची. महाळुंगे पडवळचे गेणभाऊ यात सगळ्यांच्या वरताण. सकाळी मी त्यांच्या ओट्यावर चहा घेईपर्यंत त्यांनी गाडीच्या तोंडावर भला मोठा फ्लेक्स बांधून टाकला. मधोमध त्यांचा बैल पाखऱ्या, खाली गॉगल लावलेली झाडून सगळी भावकी.

"भाऊ, इंजिनाला वारा लागू द्या," मी म्हटलं.

"सयाजी, माझ्या बैलापरीस तुझं इंजिन मोठं का रं?"

पाखऱ्याची ही शेवटची बारी होती. शर्यतींवर बंदी होती तेव्हा तो ऐन भरात होता. गेणभाऊ त्याला रोज मळ्यात पळवायचे, पण घाटात, म्हणजे जिथं प्रत्येक बारी सेकंदांत मोजतात त्या शर्यतीच्या चढावर, उतरवता येत नव्हतं. बंदी उठली तोवर बैलाचं वय झालं. मोजक्याच बाऱ्या वाट्याला आल्या, आणि या यात्रेनंतर त्याला दावणीलाच ठेवायचं ठरलं होतं. मढच्या बाजूला यात्रेच्या गावात गेणभाऊंचे भावकीतले बाळासाहेब गाड्याचे बाकीचे बैल घेऊन थांबले होते. नंबर पुकारायच्या आत पाखऱ्या पोचला नाही तर त्याच्या जागी दुसरा बैल जुंपणार, हे गेणभाऊंनी वाटेत इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं.

जुन्नर मागे पडलं, गणेश खिंडीचा चढ लागला आणि टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि बॉनेट उघडलं. गेणभाऊ थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाले. त्यांची सून अश्विनी, पाखऱ्याचं खाणंपिणं तीच बघते, तिने त्यांचा सदरा मागून धरला. बरं केलं. तापलेलं झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं.

"थांबावं लागंल," मी म्हटलं. "झाकणाला हात लावता येईल इतपत निवू द्या."

अश्विनीने वाकून बघितलं. "बाटलीत तर कुलंट हाये की."

"बाटलीत असून काय उपेग? ते रेडिएटरनं वढून घ्यायला पायजे. कुठंतरी पाइप फुटलाय, त्यो नुसती हवा वढतोय."

मी चिडून आधी फ्लेक्स कापून काढला, तेव्हा कारण दिसलं. फ्लेक्स फडफडू नये म्हणून गेणभाऊंनी त्याची तार बॉनेटच्या आत ओढून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपाला पिळा मारून बांधली होती. बैलाचं दावं बांधावं तशी, पक्की. दर खड्ड्याला फ्लेक्सने हिसका दिला आणि तारेने पाइप तोंडाशी चिरत नेला. कुलंट रस्ताभर सांडत आलं होतं.

गेणभाऊंनी तार हातात घेऊन बघितली.

इंजिन निवायच्या आत बाळासाहेबांचा फोन आला. नंबर पुकारला होता. दुसरा बैल जुंपला होता.

"चालतंय," गेणभाऊ फोनवर म्हणाले आणि कडेच्या दगडावर बसले. "म्याच बांधली रं तार. कुणाला बोलू?"

माझा राग तिथंच गेला.

झाकण निवल्यावर ओलं पोतं धरून मी ते सावकाश सोडलं. आत नजर पोचेल तिथवर कोरडं. पाइपाचा चिरलेला तुकडा कापला, उरलेला ओढून बसवला आणि क्लिप आवळली. आता पाणी हवं होतं. गाडीत एकच कॅन होता, गेणभाऊंच्या विहिरीच्या पाण्याचा. शर्यतीच्या दिवशी पाखऱ्याला ते दुसरं पाणी पाजत नसत.

"वत," गेणभाऊ म्हणाले. "आता त्याला कुठं पळायचंय?"

इंजिन चालू करून मी थोडं थोडं पाणी ओतलं. बुडबुडे थांबले तसं झाकण लावलं. कुलंट पुढं दुकान लागल्यावर भरता आलं असतं, पण चढाला वजन नको होतं. बैल खिंडीच्या माथ्यापर्यंत चालवत न्या, असं मी सांगितलं. अश्विनी पुढे निघाली.

पाखऱ्या फळीवरून खाली उतरला आणि त्याने समोरचा चढ बघितला. बारी गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली, गेणभाऊंच्या हातातला कासरा हिसडला आणि सुटला. वळणावर अश्विनीने ओढणी हलवून समोरून येणारी एसटी थांबवली. गेणभाऊ धोतर सावरत त्याच्यामागे, आणि त्यांच्यामागे गाडी घेऊन मी.

माथ्यावर पाखऱ्या आपोआप थांबला. गेणभाऊंनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली, जिंकल्यावर उधळायला आणलेली, आणि सगळी त्याच्या पाठीवर रिकामी केली. बैलाच्या मानेत तोंड घालून ते रडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"सयाजी," त्यांनी धापा टाकत विचारलं, "किती सेकंदात आला रं?"

सगळा चढभर माझी नजर टेंपरेचरच्या काट्यावर होती. घड्याळ मी बघितलंच नव्हतं.

"पयल्या नंबरात बसतोय, भाऊ," मी म्हटलं.